जावयाची उधारी

उधारीवर माल नेणारा माणूस माल नेताना जितका गोड बोलतो, तितका त्यानंतर कधी म्हणून बोलत नाही. रुपाली ओव्हाळला हे नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं, आणि तेव्हापासून गोड बोलणाऱ्यांकडे ती जरा तिरप्या नजरेनंच बघते. पिरंगुटच्या पुढं, पौड रस्त्यावरून थोडं आत वळलं की 'सारजाई रेडीमिक्स' नावाचा प्लँट लागतो. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी मोठ्या यंत्रात कालवायचं, पोट फिरवत जाणाऱ्या गाड्यांत भरायचं आणि ते घट्ट व्हायच्या आत बांधकामावर नेऊन ओतायचं, असा हा धंदा. भूगावपासून हिंजवडीपर्यंत जिथं म्हणून स्लॅब पडतो, तिथं ह्यांची गाडी उभी असते. गाडी रिकामी होऊन मागं फिरली की रुपालीचं काम सुरू होतं. माल गेला, आता पैसा यायचा. आणि पैसा काही आपल्या पायांनी येत नाही, त्याला जाऊन आणावं लागतं.

ह्या कामाला तिला लावलं ते हैबतराव ढमाल्यांनी. प्लँट त्यांचा, खालची जमीन त्यांची, पाटीवरचं नाव त्यांच्या आईचं. रुपाली कोळवण खोऱ्यातल्या बौद्धवस्तीतली. पौडला बी.कॉम. झाली, पिरंगुटमध्ये लग्न होऊन आली, नवरा हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो. ती आली होती बिलं टाइप करायला. हैबतरावांनी आठ-दहा दिवस तिच्याकडं नुसतं पाहिलं, आणि एके सकाळी खुर्ची ओढून समोर बसले.

"पोरी, बिलं कुणीबी करंल. तू वसुली बघ. आमचं कसं हाय, हितनं चांदणी चौकापत्तूर सगळं आमचं पाव्हणं. कुणी साडू, कुणी व्याही, कुणी मावसभाव. मागाया गेलं की आधी च्या येतो, मग ताट येतंय, अन् आमी ढेकर देत माघारी येतो. तू कुणाचीच पाव्हणी न्हाईस. तुला मागता येईल."

रुपालीला हसू आलं होतं, आणि आत कुठंतरी टोचलंही होतं. पाव्हणी नाही हे खरंच. तिच्या घरात आणि त्यांच्या घरात सोयरीक जुळायची वेळ कधी आली नव्हती आणि येणारही नव्हती. ज्या गोष्टीनं तिच्या माणसांना पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर ठेवलं, तिच्याच जोरावर तिला टेबल-खुर्ची मिळत होती. आता ह्याला नशीब म्हणायचं का काय म्हणायचं! तिनं फार विचार केला नाही. पगार वाढवून मागितला आणि हो म्हणाली.

तिची मागण्याची तऱ्हा वेगळी होती. आवाज चढवायचा नाही. माणसाला त्याच्या बायकोपोरांसमोर, मजुरांसमोर मागायचं नाही. एका पार्टीचा हिशोब दुसऱ्या पार्टीच्या कानावर जाऊ द्यायचा नाही. आणि पैसे मागायचेच नाहीत, तारीख मागायची. "देतो की" ही तारीख नव्हे. "ह्या आठवड्यात बघू" हीसुद्धा नव्हे. "सोमवारी" म्हटलं की ती वहीत लिहायची आणि सोमवारी सकाळी फोन करायची, "साहेब, आज सोमवार." बस्, एवढंच. पुढं एक शब्द नाही. भल्याभल्यांना हे तीन शब्द शिव्यांपेक्षा जड जायचे.

आणि पार्ट्या तरी कसल्या कसल्या! फोन न उचलणारे परवडले, एकदा उचलला की देऊन टाकतात. पहिल्या रिंगला उचलून "बोला ताई, तुमचीच आठवण काढत होतो" म्हणणारा पक्का बुडव्या निघायचा. कुणाला दीड महिन्यानं बिलात चूक सापडायची. कुणाचा सही करणारा भागीदार कायम गोव्याला. एक जण तर दर वेळी म्हणायचा की चेक लिहून ठेवलाय, फक्त पेन सापडत नाही. रुपालीनं त्याला कुरिअरनं पेन पाठवलं. चेक आला, वर पेन ठेवून घेतलं मेल्यानं.

पण ती निव्वळ खडूस होती असं नाही. ज्याचा धंदा खरोखर बसलाय त्याला ती हप्ते बांधून द्यायची, आणि त्याच्या घरी फोन जाऊ द्यायची नाही. त्यामुळं लोक तिला टाळायचे, पण वाईट बोलत नसत. गेली बारा वर्षं प्लँटमधल्या चाळीसेक माणसांचे पगार वेळेवर झाले, त्यात तिच्या त्या फोनांचा वाटा मोठा होता.

एकाच खात्याला तिचा हात लागत नव्हता. ते खातं शरदचंद्रांचं.

शरदचंद्र म्हणजे हैबतरावांचे जावई, थोरल्या रेश्माचे यजमान. भूगावला बंगला, पांढरी गाडी, बोलणं असं की समोरच्यानं आपलं पाकीट काढून हातात द्यावं. ठेकेदारी करायचे. माणूस चोर नव्हता, उगाच कशाला म्हणा. पण एका साइटचे पैसे दुसऱ्या साइटवर, दुसरीचे तिसरीवर, अशी ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर चालली होती, आणि भूगावातले त्यांचे फ्लॅट विकले जाईनात. सारजाईचं देणं वाढत वाढत अकरा लाखांवर गेलं. रुपालीनं फोन केला की ते म्हणायचे, "अहो मॅडम, घरचंच आहे." आणि घरच्यांची गत काय? हैबतराव जावयासमोर पैशाचं नाव काढणं शक्य नव्हतं. जावयाला ताट द्यायचं, पोशाख द्यायचा, सणाला अंगठी द्यायची. त्याच्याकडं मागायचं? मग पोरगी सासरी कुठल्या तोंडानं राहील? मुलगा इंद्रजित आता प्लँट सांभाळायचा, शिकलेला, चटपटीत. पण दाजींचा फोन आला की त्याचीसुद्धा मान आपोआप हलायची.

फेब्रुवारीत मात्र पाणी नाकापर्यंत आलं. सिमेंट कंपनीनं उधारी बंद केली, आधी पैसे मग पोती. ड्रायव्हरांचे पगार पंधरवडाभर लांबले. रुपालीनं केबिनचं दार लावून घेतलं आणि इंद्रजितला सांगितलं, "सर, दाजींचा माल थांबवा. नाहीतर मार्चचे पगार कशातून करायचे ते तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

इंद्रजितनं बराच वेळ कपाळ चोळलं. "ओके. पण माझ्या तोंडून नको, प्लीज. आजपासून दाजींची गाडी तुमच्या सहीशिवाय गेटबाहेर जाणार नाही. मी ऑपरेटरला सांगतो. तुम्ही म्हणाल ते फायनल."

बारा वर्षांत पहिल्यांदा ते खातं तिच्या हातात आलं होतं. ही सही टिकली तर प्लँट टिकणार, आणि एकदा का ढिली पडली, तर पुन्हा तिचं कुणी ऐकणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. शरदचंद्रांनी दोनदा गाड्या मागवल्या, दोन्ही वेळा तिनं परत लावल्या. तिसऱ्या खेपेला गेट पास टेबलावर आला आणि तिच्या हातातला चहा तसाच राहिला. पार्टी शरदचंद्र. ठिकाण तिचं माहेर. काम, बुद्धविहाराचा स्लॅब.

वस्तीत विहार उठतोय हे तिला ठाऊक होतं. वर्ष झालं वर्गण्या चालू होत्या, येत्या चौदा एप्रिलला, जयंतीला, नव्या छताखाली वंदना घ्यायची असं ठरलं होतं. भूगावचा कुणी ठेकेदार आहे एवढंच आई म्हणाली होती. दुनियेच्या साइट हिंडणाऱ्या ह्या बाईनं माहेरच्या कामाचा ठेकेदार कोण, हे विचारलंसुद्धा नव्हतं! तिनं आईला फोन लावला. इंदूबाईंनी सगळं सांगितलं. सळई बांधून झाली, खाली आधाराला लावलेल्या लोखंडी प्लेटांचं भाडं रोज चढतंय, काँक्रीटचे पैसे शरदचंद्र साहेबांना महिन्यापूर्वीच मोजून दिलेत. "अन् आता तुज्या कंपनीचाच माल येनार म्हणं. लई बरं वाटलं बग."

रुपालीनं फोन ठेवला. पैसे वस्तीनं दिलेत, ते शरदचंद्रांनी दुसरीकडं फिरवलेत, आणि आता माल पुन्हा उधारीवर हवाय. तिनं गेट पासवर सही केली नाही.

दुपारी इंद्रजितच तिच्या टेबलाशी आला. चांगल्या मनानं आला होता बिचारा. "मॅडम, मला आत्ताच कळलं, तुमच्या गावचं काम आहे. अहो, मग अडवलंत कशाला? लाखभराचा तर माल आहे. पाठवून द्या गाड्या. मी सांगतो, माझ्या रिस्कवर."

एक क्षण तिचं मन पाघळलं, खोटं कशाला बोला. एक सही, आणि रविवारी वस्तीवर नारळ फुटला असता. आई मिरवली असती. पण माल जाणार होता शरदचंद्रांच्याच खात्यावर. उद्या तेच म्हणाले असते, मॅडमच्या माहेरचं काम असलं की नियम नाही, आमचं असलं की आहे. आणि ते खोटं ठरलं नसतं.

"नको सर," ती म्हणाली. "तुम्ही फायनल म्हणाला होतात."

"अहो, पण तुमच्यासाठीच म्हणतोय मी!"

"म्हणूनच नको."

इंद्रजित खांदे उडवून गेला. रुपाली संध्याकाळपर्यंत बिलांवर बिलं काढत बसली आणि त्यातल्या दोन बिलांवर तारखा चुकीच्या पडल्या.

रविवारी वस्तीवर बैठक बोलावली गेली. अर्धवट विहाराच्या भिंतींच्या आत, डोक्यावर सळईची जाळी, खाली विटांच्या थप्प्यांवर माणसं बसलेली. वर्गणी गोळा करणारे आनंदाकाका पुढं बसले होते. त्यांच्यासारखा सालस माणूस खोऱ्यात नव्हता, म्हणूनच तर पैसा त्यांच्याकडं. शरदचंद्र आले, गाडीतून उतरल्यापासून हात जोडत, सगळ्यांना जय भीम घालत. प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि हसून म्हणाले, "माझ्याकडून काही अडचण नाही हो. सळई तयार, माणसं तयार. माल तुमच्याच मॅडमनी अडवलाय. आमचा इंद्रजित स्वतः म्हणाला, पाठवा, त्यांच्या माहेरचं काम आहे. ह्याच नको म्हणाल्या. विचारा की, इथंच आहेत."

सगळ्या माना वळल्या.

"व्हय गं रुपा?" आनंदाकाकांनी विचारलं. "मालक देतो म्हनला?"

"हो, काका."

"अन् तू न्हाई म्हनलीस?"

"हो."

एकच वाक्य पुरलं असतं. ह्यांच्याकडं आमचे अकरा लाख थकलेत. ते बोललं असतं की गाडीतून आलेला माणूस तिथंच जमिनीत गेला असता. वाक्य जिभेवर आलं होतं. पण एका पार्टीचा हिशोब दुसरीच्या कानावर घालायचा नाही, हे बंधन तिनं स्वतःच स्वतःला घातलेलं होतं, आणि ते सोयीनं मोडायचं असेल तर मग ते पाळलं तरी कशाला? "कारण प्लँटचं आहे," ती म्हणाली, "ते मला इथं सांगता येणार नाही."

मग काय विचारता. जो तो बोलायला लागला. प्लेटांचं भाडं कोण भरणार, जयंती महिन्यावर आली, आपलीच पोरगी आपल्याच विहाराला आडवी. मागून एक बाई म्हणाली, "पगार त्यांचा खाती, बाजू त्यांचीच घेनार." रुपालीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ह्याच वस्तीनं तिच्या बी.कॉम.चे पेढे वाटले होते.

इंदूबाई आतापर्यंत विटांवर बसून ऐकत होत्या. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"रुपा, रोख पैसं भरलं तर माल येतोय का?"

"येतो, आई. कमिटीच्या नावावर. आधी भरले की दुसऱ्या दिवशी पहिली गाडी."

"मंग झालं तर."

"इंदूवैनी," आनंदाकाका समजावणीच्या सुरात म्हणाले, "मालक तसाच देतोय, तर ही दुसऱ्यांदा पैशाची भानगड कशाला?"

इंदूबाई त्यांच्याकडं वळल्या. "आनंदाभावजी, माजी सासू सनावाराला असल्याच मालक लोकांच्या दाराम्होरं पदर पसरून हुबी ऱ्हायची. ह्या डोळ्यांनी पायलंय मी. पोळी वरून टाकायचे, हातात न्हाई. आता लेकीच्या तोंडाकडं बघून दिलेलं काँक्रीट मला विहारावर नको. बुद्धाच्या डोक्यावर उपकाराचं छत घालायचं व्हय? आमी पैसं दिल्यात. आमचा माल आमच्या पैशानं येईल."

मग इंदूबाई शरदचंद्रांच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, काँक्रीटचं आमचं पैसं तुमच्याकडं हायेत. तेवढं माघारी द्या. आमी आमचं भरतो."

"देतो की मावशी. कुठं पळून चाललोय का मी?"

"कवा?"

"ह्या आठवड्यात बघतो ना."

"वार सांगा."

रुपालीनं चमकून आईकडं पाहिलं. हे तिनं आईला कधी शिकवलं नव्हतं. कामाच्या गोष्टी ती माहेरी काढायचीच नाही.

"गुरुवारी," शरदचंद्र म्हणाले, आणि त्यांचं हसू पहिल्यांदा जरा आवळलं.

गुरुवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं वस्तीवरच्या पाच बाया भूगावला उतरल्या. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. बंगल्याच्या पायऱ्यांवर पदर सावरून बसल्या. रेश्मानं चहा आणून दिला, तो प्यायल्या, कपबशा विसळून ठेवल्या. "सायेब उठलं का?" एवढंच विचारत राहिल्या. समोरच्या बंगल्यातली माणसं फिरून येताना थांबून बघायला लागली. शरदचंद्रांनी काही पैसे दिले, बाकीचे सोमवारी म्हणाले. सोमवारी त्याच पाच जणी पुन्हा हजर. तिसऱ्या खेपेला त्यांनी उरलेले दिले, पण सळई बांधणाऱ्यांची मजुरी त्यातून कापून. मजुरी खरंच दिलेली होती, त्यामुळं त्यावर बोलता आलं नाही. इतके दिवस रुपालीला वस्तीवरून एकही फोन आला नाही. आईचासुद्धा नाही. तिनंही केला नाही. करून बोलायचं काय, हेच तिला सुचत नव्हतं.

शनिवारी सकाळी प्लँटच्या गेटवर रिक्षा थांबली आणि आनंदाकाका, इंदूबाई आणि आणखी दोघी उतरल्या. इंदूबाई ह्या ऑफिसात पहिल्यांदाच येत होत्या. काउंटरच्या बाजूला हैबतराव नेहमीप्रमाणे बशीत चहा ओतून बसले होते. वय झालं तरी रोज सकाळचा चहा ते इथंच घ्यायचे. केबिनच्या दारात इंद्रजित कुणाशी तरी फोनवर बोलत उभा होता, आणि गेट पाससाठी थांबलेले तीन-चार ड्रायव्हर भिंतीला टेकले होते. हैबतरावांनी तोंडवळ्यावरूनच इंदूबाईंना ओळखलं, खुर्चीकडं हात केला. त्या बसल्या.

आनंदाकाकांनी पिशवीतून नोटा काढल्या. रुपालीनं मोजल्या, पुन्हा मोजल्या. स्लॅबच्या गाड्यांना सव्वीस हजार कमी पडत होते.

"काका, कमी आहेत."

"ठावं हाय गं," आनंदाकाका ओशाळून म्हणाले. "मजुरी कापली ना सायबांनी. आता वस्तीत कुणाकडं मागायचं? ज्यानं त्यानं दिल्यात."

हैबतराव बशी खाली ठेवून म्हणाले, "किती, सव्वीस? ऱ्हाऊ द्या की. जयंती झाल्यावर द्या सावकाश. रुपाली, घे गं लिहून. सोड गाड्या."

आनंदाकाकांचा चेहरा खुलला. रुपालीनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा नोटांकडं बघितलं. समोर मालक, ज्यांनी तिला ह्या खुर्चीत बसवलं. बाजूला आई, जी तिच्याशी पंधरा दिवस बोललेली नाही. आणि सवाल सव्वीस हजारांचा. नको म्हणाली तर वस्तीवर पुन्हा पाऊल ठेवायची सोय उरत नाही, हो म्हणाली तर फेब्रुवारीपासून धरून ठेवलेलं सगळं आत्ता, चार ड्रायव्हरांसमोर सुटतं. पेन हातात तसंच राहिलं.

"थांबा आबा," इंदूबाई म्हणाल्या. "आमचं येनं अजून बाकी हाय."

"कुणाकडनं?"

"हिच्याकडनं."

इंदूबाईंनी सरळ लेकीकडं बोट केलं. "नोकरीवाल्यानं एका महिन्याचा पगार द्यायचा, असं ठरलंय वस्तीत. झेडपीतल्या शिपायानं दिला. अंगणवाडीच्या बाईनं हप्त्यानं दिला. आमची लेक दिवाळीपासनं नुसती 'देते' म्हनतीया."

इंद्रजितचा फोन कानालाच राहिला. ड्रायव्हर एकमेकांकडं बघायला लागले. आनंदाकाका कळवळून म्हणाले, "वैनी, हितं कशाला, चारचौघांत..."

"मंग कुटं? तुमाला मागवंना म्हनून तर ऱ्हायलं. मॅडम म्हनून हिला सोडली तुमी. तिला मी मागते. माजीच हाय ती."

रुपालीचे कान तापले. आईचा राग आला, चांगला सणकून आला. जयंतीला स्टेजवर जाऊन पाकीट द्यायचं तिच्या मनात होतं. नाव पुकारतील, टाळ्या पडतील. त्या टाळ्यांसाठी तिनं पाच महिने पैसे स्वतःच्या खात्यात पडू दिले होते. "मी देणारच होते," असं म्हणायला ती निघाली, आणि वाक्य अर्ध्यात असतानाच तिचं तिलाच ऐकू आलं. रोज फोनवर ती हेच वाक्य ऐकत होती. बारा वर्षं तिनं हजारो वेळा मागितलं होतं, पण मागितलं गेल्यावर माणसाचं काय होतं, ते आज कळलं. फार वाईट होतं ते. पळून जावंसं वाटत होतं.

ती पळाली नाही. पर्समधून मोबाइल काढला, काउंटरवरचा कोड स्कॅन केला आणि कमिटीच्या नावावर आपला महिन्याचा पगार भरला. पैसे जमा झाले की बोलणारं कोपऱ्यातलं डबडं लगेच खणखणीत आवाजात ओरडलं, "सव्वीस हजार रुपये प्राप्त झाले!" एक ड्रायव्हर फिसकन हसला. मग दुसरा. मग रुपालीलाही हसू आवरेना, डोळे पुसता पुसता ती हसत सुटली.

"पावती दे," इंदूबाई म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या.

रुपालीनं पावती केली. गेट पास पुढं ओढला, पार्टीच्या रकान्यात विहार कमिटीचं नाव लिहिलं, खाली सही केली. "उद्या सकाळी पहिली गाडी, आई."

"रागावलीस?"

"हो."

"रागव. पर जेवाया ये उंद्या. स्लॅबचं जेवान हाय." इंदूबाईंनी पावतीची घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि उठल्या. चौघंजण रिक्षाकडं निघाले.

हैबतराव त्यांच्या पाठीकडं बघत बसून राहिले. बशीतल्या चहावर साय धरली होती. मग ते उठले, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली टोपी काढून डोक्यावर घातली, आणि पायानंच टेबलाखाली चपला चाचपायला लागले.

"इंद्रा, गाडी काढ."

"कुठं, आबा?"

"भूगावला. जावयाकडं."

इंद्रजित गडबडला. "आज? काही काम आहे का? ताईला फोन करून ठेवतो, जेवायचं बघेल."

"जेवाया न्हाई. मागाया जातोय."

रुपाली खुर्चीतून अर्धी उठली. "आबा, थांबा. मी जाते ना. ते माझं काम आहे."

"न्हाई पोरी," हैबतराव दाराशी थांबून म्हणाले. "तू बस हितं. ती बाई पोटच्या पोरीला मागून गेली माज्याम्होरं. माज्या जावयाकडं तरी माजं मला मागू दे."